शरीराचा धडा सहावा

आपल्याकडे लैंगिक शिक्षण म्हणजे प्रजनन संस्थेचे प्रकरण. आकृती काढा, नावे द्या, पुढचे घरी वाचा. पॉप्युलेशन कौन्सिलने २००९ साली दोन भागांत प्रसिद्ध केलेले 'इट्स ऑल वन करिक्युलम' हे शिक्षकांसाठीचे पुस्तक उघडले की पहिला धक्का अनुक्रमणिकेतच बसतो. आधी मानवी हक्क, दुसरे प्रकरण लिंगभावाचे, मग लैंगिकता, परस्परसंबंध, संवाद आणि निर्णय. शरीर, वयात येणे आणि प्रजनन यांचा क्रमांक सहावा!

जीवशास्त्र शिकवणाऱ्याला हा क्रम उलटा वाटेल. मला तो पटतो, आणि त्याचे कारण आपल्याच फळ्यावर आहे. मुलगा की मुलगी हे पित्याकडून येणाऱ्या एक्स किंवा वाय गुणसूत्रावर ठरते, हे आपण वर्षानुवर्षे शिकवतो. मुले आकृतीसह अचूक उत्तर लिहितात, पूर्ण गुण मिळवतात. तरीही मुलगी झाली की बोल सुनेलाच. महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे २००१ च्या जनगणनेत ९१३ मुली होत्या. २०११ मध्ये ८९४. याला केवळ अज्ञान म्हणता येत नाही. चोरून गर्भलिंगनिदान करणारे डॉक्टर तर हा धडा शिकूनच आलेले. शिवाय 'पित्यामुळे ठरते' एवढेच सांगून थांबलो, तर दोष सुनेवरून मुलावर सरकवला, इतकेच. मुलगी होणे हा दोष का मानायचा, हा प्रश्न गुणसूत्रांच्या आकृतीत मावत नाही.

या मांडणीला पुरावा काय? निकोल हॅबरलँड यांनी २०१५ साली २२ कार्यक्रमांच्या मूल्यमापनांचा आढावा घेतला. लिंगभाव आणि सत्ता यांवर चर्चा घडवणाऱ्या कार्यक्रमांपैकी ८० टक्क्यांमध्ये लिंगसांसर्गिक आजार किंवा नको असलेली गर्भधारणा यांचे प्रमाण लक्षणीय कमी आढळले; इतरांपैकी केवळ १७ टक्क्यांमध्ये. मात्र टक्केवारीने हुरळून जाऊ नये. ८० टक्के म्हणजे दहापैकी आठ, आणि १७ टक्के म्हणजे बारापैकी दोन. हॅबरलँड या पुस्तकाच्या दोन संपादिकांपैकी एक आहेत, हेही ध्यानात ठेवावे. त्याने निष्कर्ष खोटा ठरत नाही. पण चिकित्सक विचाराचा आग्रह धरणाऱ्या पुस्तकाला 'हे कोण सांगते आहे?' हा प्रश्न विचारलाच पाहिजे.

साऱ्या जगासाठी लिहिलेले असल्यामुळे सुनेला लागणारा बोल किंवा पाळीत बाजूला बसणे अशी घरची उदाहरणे शिक्षकालाच घालावी लागतील. त्यासाठी वेगळा तास हवाच असे नाही. गुणसूत्रांचा धडा शिकवून झाला की फळा पुसण्याआधी पाच मिनिटे ठेवावीत आणि वर्गाला विचारावे: तुमच्या गावात मुलगी झाल्यावर पेढे वाटतात की बर्फी, आणि हा फरक कोणी ठरवला?