दोन निकालपत्रे आणि एक कैफियत

आमच्या वाचन मंडळात गेल्या हिवाळ्यात एक वेगळाच प्रयोग झाला. कादंबऱ्या पुष्कळ झाल्या, आत्मचरित्रे तर नको इतकी झाली. तेव्हा एका सभासदाने सुचवले की ज्या कागदांच्या जोरावर आपली मुले इथली नागरिक झाली, ते तरी एकदा वाचू या. म्हणून अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाची दोन निकालपत्रे हाती घेतली. एक १८९८ चे वोंग किम आर्कचे, दुसरे १९२३ चे भगतसिंग थिंडचे. मी वकील नाही. कायद्याचे बरेवाईट ठरवणारा मी कोण? पण निकालपत्र हेही शेवटी लिखाणच, आणि वाचक म्हणून त्याबद्दल बोलायला कोणाची परवानगी लागत नाही.

निमित्त अर्थातच २० जानेवारी २०२५ च्या राष्ट्राध्यक्षांच्या आदेशाचे. आई बेकायदा किंवा तात्पुरत्या व्हिसावर इथे असेल आणि वडील नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक नसतील, तर इथे जन्मलेले मूल नागरिक मानायचे नाही, असा तो आदेश. खालच्या न्यायालयांनी २०२५ मध्येच तो अडवला. पण आमच्या घराघरांत त्या आठवड्यात फोन खणखणत होते, कारण ‘तात्पुरता व्हिसा’ म्हणजे एच-वन, म्हणजे आपणच. माझी मुलगी जन्मली तेव्हा आम्ही दोघे त्याच रांगेत उभे होतो.

आधी वोंग किम आर्क. हा सॅन फ्रान्सिस्कोत चिनी आईबापांच्या पोटी जन्मलेला, स्वयंपाकी म्हणून काम करणारा तरुण. १८९५ मध्ये चीनहून परत आला, तर जकात अधिकाऱ्याने उतरूच दिले नाही. चिनी मजुरांना बंदी करणारा १८८२ चा कायदा होता आणि चिनी माणसाला नागरिक होता येत नव्हते. न्यायमूर्ती होरेस ग्रे यांनी सहा विरुद्ध दोन मतांनी त्याच्या बाजूने निकाल लिहिला.

हे लिखाण कमालीचे कंटाळवाणे आहे. १६०८ सालच्या इंग्लंडमधल्या कॅल्विनच्या खटल्यापासून सुरुवात, मग पानेच्या पाने दाखले. राजाच्या भूमीत, त्याच्या संरक्षणाखाली जन्मला तो त्याचा प्रजाजन. अपवाद परकीय वकिलाच्या मुलांचा आणि चालून आलेल्या शत्रूसैन्याच्या मुलांचा. पुढे १८६८ ची चौदावी घटनादुरुस्ती, जी गुलामगिरीतून सुटलेल्यांसाठी आली पण ज्यात वंशाचे नावही नाही. आमच्यातल्या दोघांना मध्येच डुलकी लागली, त्यांना मी दोष देत नाही.

पण या रटाळपणातच त्याचे बळ आहे असे मला दुसऱ्या वाचनात वाटू लागले. ग्रे यांना चिन्यांचा काही पुळका नव्हता. १८९३ मध्ये चिनी मजुरांना हद्दपार करण्याचा सरकारचा अधिकार मान्य करणारा निकाल त्यांनीच लिहिला होता. इथेही वोंगच्या सद्गुणांबद्दल ते अवाक्षर काढत नाहीत. तो कष्टाळू आहे का, इंग्रजी बोलतो का, त्याचे घराणे कोणते, हे प्रश्नच त्यांना पडत नाहीत. कुठे जन्मला एवढेच ते विचारतात. आणि एका ठिकाणी हळूच बजावतात की आईबाप परके म्हणून याचे नागरिकत्व नाकारले, तर इंग्रज, स्कॉट, आयरिश, जर्मन आईबापांच्या हजारो मुलांचेही जाईल. निकालपत्रात मला सर्वांत जिवंत वाटली ती ही जागा. विरोधी मत देणाऱ्या दोघांत न्यायमूर्ती हार्लन होते, याचे मात्र वाईट वाटले. दोनच वर्षांपूर्वी काळ्या-गोऱ्यांच्या वेगळ्या डब्यांविरुद्ध एकटे उभे राहिलेले हेच ते हार्लन.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. वोंगच्या आईबापांचे इथे कायमचे वास्तव्य होते, हे शब्द ग्रे यांच्या लिखाणात पुन्हा पुन्हा येतात, आणि आजच्या आदेशाची बाजू घेणारे त्यावरच बोट ठेवतात. मला तो खटल्यातल्या परिस्थितीचा तपशील वाटतो, अट नव्हे, कारण कायमच्या वास्तव्यावर कॅल्विनपासूनची सगळी इमारत उभीच नाही. तरी शब्द तिथे आहेत. ते नाहीत असे भासवून वाचणे खरे नव्हे.

आता थिंड. पंजाबातून १९१३ मध्ये आलेला शीख तरुण, पहिल्या महायुद्धात अमेरिकन सैन्यात होता. त्या काळी १७९० पासूनच्या कायद्यानुसार नागरिकत्व घेता येई ते ‘गोऱ्या’ माणसालाच. १८७० मध्ये त्यात आफ्रिकी वंशाच्या लोकांची भर पडली होती. तेव्हा थिंडला आपण गोरे आहोत हे सिद्ध करावे लागले.

न्यायमूर्ती जॉर्ज सदरलँड यांचे हे निकालपत्र आटोपशीर, ओघवते आहे. तीनच महिने आधी, नोव्हेंबर १९२२ मध्ये, ओझावा या जपानी गृहस्थाला याच सदरलँडनी सांगितले होते की कातडीचा रंग पुरत नाही, गोरा म्हणजे कॉकेशियन. थिंड म्हणाला, मानववंशशास्त्रज्ञ मला कॉकेशियनच म्हणतात. त्यावर सदरलँड म्हणतात, शास्त्रज्ञांचे राहू द्या, सामान्य माणसाला काय वाटते ते पाहू. युरोपातून आलेल्यांची मुले इथे मिसळून जातात, हिंदू आईबापांच्या मुलांवर मात्र पूर्वजांची खूण कायम राहील, असेही ते सहज लिहून जातात. ती मुले वोंगच्या निकालाने जन्मतःच नागरिक होती, याची त्यांना आठवणही होत नाही. लिहिणारा स्वतः इंग्लंडात जन्मलेला, तान्हेपणी युटात आलेला! इतक्या सफाईदार गद्याने पुढे पन्नासहून अधिक भारतीयांचे नागरिकत्व काढून घेतले गेले. सॅन फ्रान्सिस्कोतले दुकानदार वैष्णो दास बगाई त्यातलेच. त्यांनी १९२८ मध्ये आत्महत्या केली. भारतीयांना हा हक्क मिळाला तो १९४६ च्या कायद्याने, तोही वर्षाला शंभर जणांच्या कोट्यासह.

इथपर्यंत आमच्या बैठकीत सगळे थिंडच्या बाजूने होते. मग त्याच्या वतीने न्यायालयात दिलेली कैफियत आम्ही वाचली.

तिच्यात म्हटले आहे की आम्ही उच्चवर्णीय आर्य, आमच्या जातिबंधनांनी रक्त शुद्ध राखले आहे. आणि पुढे, लग्नसंबंधांपुरते पाहिले तर, इथला गोरा माणूस काळ्यांकडे ज्या नजरेने बघतो त्याच नजरेने आमचा उच्चवर्णीय तिथल्या आदिवासींकडे बघतो. हा मुद्दा त्यात लाजत नव्हे, पुरावा म्हणून मांडला आहे. खोलीत कोणी काही बोलेना.

वकिलाचे नाव सखाराम गणेश पंडित. नाव ऐकल्याबरोबर माझे कान टवकारले आणि मी त्यांचे मूळ गाव शोधायला निघालो. मग माझे मलाच हसू आले. ज्या खोडीवर लिहायला बसलो, ती हीच.

लिखाण म्हणून ही कैफियत मला तिन्हींत दुबळी वाटते. अन्याय करणारा नियम ती मान्य करते आणि आपल्यापुरती फट मागते. दार उघडा असे ती म्हणत नाही, मागच्यांना बाहेर ठेवाल याची मी हमी देतो, मला आत घ्या, असे म्हणते. ज्यांच्यापुढे वंशाची थोरवी गायली त्यांना ती ऐकायची नव्हती, कारण त्यांच्या लेखी सगळे हिंदू सारखेच होते. गंमत पाहा, पुढे सरकार पंडितांचेच नागरिकत्व काढायला निघाले, तेव्हा १९२६ मध्ये ते जिंकले ते वंशावर नव्हे. एकदा न्यायालयाने दिलेला आणि सरकारने वेळेत आव्हान न दिलेला निर्णय पुन्हा उकरता येत नाही, या कोरड्या मुद्द्यावर.

त्या उन्हाळ्यातल्या मंडळाच्या सहलीत एक स्नेही कणीस भाजता भाजता म्हणाले होते, “आपण काही नदी पोहून आलो नाही. आदेश त्यांच्यासाठी ठीक आहे, आपल्याला उगाच त्यात ओढलं.” मी तेव्हा मान डोलावली होती. ती कैफियत वाचताना त्यांचा आवाज ऐकू येऊ लागला, आणि माझी डोललेली मानही दिसली. पदव्या, कर भरल्याचे कागद, मुलांचे स्पेलिंग बीचे चषक ही आपली नवी आर्यता. आदेशाने मात्र नदी पोहणारीच्या आणि एच-वनवालीच्या बाळाला एकाच वाक्यात बसवले.

शेवटी एका तरुण सभासदाने विचारले, “आणि भारतात काय आहे?” १९५५ च्या कायद्याने भारतात जन्मलेला जवळजवळ प्रत्येक जण नागरिक होता. १ जुलै १९८७ पासून आईबापांपैकी एक भारतीय असणे आवश्यक झाले. ३ डिसेंबर २००४ पासून दोघेही भारतीय हवेत, किंवा एक भारतीय आणि दुसरा बेकायदा आलेला नसलेला. म्हणजे जो दरवाजा इथे बंद होईल म्हणून आम्ही फोन करत होतो, तो तिथे बंद झाल्याचे आमच्यापैकी निम्म्यांना ठाऊकच नव्हते. “तिकडची गोष्ट वेगळी आहे,” असे कोणीतरी म्हणाले. कशी वेगळी, यावर चहा निवेपर्यंत वाद झाला.

पुढच्या बैठकीत तो कायदा वाचायचे ठरले आहे. दोघांनी येत नसल्याचे आत्ताच कळवले आहे.