डिजिटल मेन्यू बोर्ड आणि लिखिताचे स्थैर्य

उपाहारगृहातील पदार्थांची यादी भाषाभ्यासाचा विषय होऊ शकते काय, ही शंका डॅन जुराफ्स्की यांच्या ‘द लँग्वेज ऑफ फूड’ (२०१४) या ग्रंथानंतर कोणी घेऊ नये. मात्र जुराफ्स्कींचे लक्ष प्रामुख्याने यादीतील शब्दांवर आहे. ती यादी ज्यावर वाचली जाते त्या फलकाचा प्रश्न निराळा आहे. अमेरिकेत ‘फास्ट कॅज्युअल’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या उपाहारगृहांत टेबलापाशी वाढपी येत नाही. गिऱ्हाईक काउंटरपाशी उभे राहून मागणी सांगते आणि पुष्कळदा पदार्थ त्याच्या समक्ष तयार होतो. अशा ठिकाणी फलक हाच वाढप्याच्या जागी असतो. छापील फलकाऐवजी आता तेथे पडदे आले आहेत, आणि त्यांची चर्चा होते ती बहुधा रंग, चित्रे व विक्री यांच्या अंगाने. वस्तुतः प्रथम विचारावयास हवे ते असे की, पडद्यावरील मजकूर वाचकापुढे टिकतो किती वेळ?

चार्ल्स हॉकेट यांनी १९६० साली मानवी भाषेची जी लक्षणे मांडली, त्यांत उच्चारित ध्वनीचे शीघ्र विरून जाणे हे एक होय. लेखनाने या उणिवेवर मात केली. खानावळीतील वाढपी पंधरा-वीस पदार्थांची नावे एका दमात म्हणून मोकळा होतो; पहिली दहा विसरलेले गिऱ्हाईक एक तर शेवटचे नाव घेते, नाही तर ‘पुन्हा सांगा’ म्हणते. उच्चार नश्वर असला तरी संभाषणात ही सोय असते. सरकत्या पडद्याची गोष्ट वेगळी. वाचकाची दृष्टी पदार्थाच्या नावावरून किमतीकडे वळते न वळते तोच यादी जाते आणि तिच्या जागी सरबताचे चलच्चित्र येते. लिखित मजकुराला येथे उच्चाराची नश्वरता प्राप्त होते. पडद्याला ‘पुन्हा सांगा’ मात्र म्हणता येत नाही. मागे रांग उभी असते, आणि तिचा दाब सर्वाधिक पडतो तो सावकाश वाचणाऱ्यावर, वृद्धावर व त्या भाषेत नवख्या असलेल्या माणसावर.

यादी लहान ठेवावी म्हणजे झाले, असे या आक्षेपाचे उत्तर दिले जाते आणि त्यासाठी जॉर्ज मिलर यांच्या १९५६ मधील निबंधातील सात या संख्येचा आधार घेतला जातो. हा आधार अस्थानी आहे. मिलर यांच्या त्या मर्यादेचा संबंध तात्कालिक स्मरणाशी आहे. जे डोळ्यांपुढे आहे ते स्मरणात धरावे लागत नाही. नीट गटवार मांडलेली चोवीस पदार्थांची स्थिर यादी ती मर्यादा ओलांडत नाही. तीच यादी आठ-आठ पदार्थांच्या तीन खेपांत दाखवली की स्मरणाचा भार उत्पन्न होतो, व तो रचनाकाराने स्वतःच निर्माण केलेला असतो.

फलकाची दुसरी कसोटी क्रमाची. १९९३ साली डेन्व्हर येथे सुरू झालेल्या चिपोटलेच्या काउंटरवर गिऱ्हाईक प्रथम बरीटो की बाउल हे सांगते, मग भात, राजमा, मांस, साल्सा असे पुढे सरकते. सोस्यूरच्या परिभाषेत बोलायचे तर प्रत्येक टप्प्यावर एक पर्यायगण आहे आणि टप्प्यांची साखळी म्हणजे वाक्य. किंमत मात्र मुख्यतः मांसावर ठरते, म्हणजे वाक्याच्या मध्यावर. अशा ठिकाणी फलकावरील स्तंभ काउंटरच्याच क्रमाने आणि एकाच वेळी दिसले पाहिजेत. साखळीचा अर्धा भाग पडद्याआड गेला तर उरतो तो व्याकरणाविना शब्दसंग्रह.

या फलकांची बाजू अगदीच लंगडी नाही. संपलेला पदार्थ तत्काळ काढता येतो, न्याहारीची यादी दुपारी हटवता येते. परंतु हे बदल दोन वाचनांच्या दरम्यानचे आहेत. आक्षेप आहे तो वाचन चालू असताना होणाऱ्या बदलाला. संकेतस्थळांच्या सुगम्यतेसाठी जी आंतरराष्ट्रीय तत्त्वे प्रचलित आहेत, त्यांनुसार इतर मजकुरासोबत आपोआप सुरू होऊन पाच सेकंदांहून अधिक काळ हलणारा मजकूर वाचकाला थांबवता आला पाहिजे. उपाहारगृहाच्या भिंतीवरील पडद्याला असे थांबवण्याचे बटण कोठले असणार! वीस किंवा अधिक शाखांच्या साखळ्यांना अमेरिकेत ७ मे २०१८ पासून फलकावर उष्मांक देणे बंधनकारक झाले; त्या आकड्यांचा टाइप पदार्थाच्या नावाच्या वा किमतीच्या टाइपाहून, त्यांपैकी जो लहान असेल त्याहून, लहान असू नये असा दंडक आहे. येथे मोजमाप अक्षराच्या आकाराचे आहे, आणि त्यामागे स्थिर फलकाचीच कल्पना दिसते.

किमतीच्या बाबतीत हा प्रश्न अधिक गंभीर होतो. छापील दर बदलला तर चिकटवलेली पट्टी तरी दिसते. पडद्यावर मागमूस राहत नाही. वेंडीज ही साखळी काटेकोर अर्थाने फास्ट कॅज्युअल नव्हे. तरी फेब्रुवारी २०२४ मध्ये तिने डिजिटल फलकांसाठी सुमारे दोन कोटी डॉलर खर्चण्याचा व २०२५ पासून बदलत्या दरांची चाचणी घेण्याचा मनोदय कळवला, तेव्हा लोक खवळले. गर्दीच्या वेळी दर वाढवण्याचा हेतू नाही, असा खुलासा कंपनीला करावा लागला. फलकावरील किंमत हे एक वचन आहे, अशी लोकांची धारणा त्या क्षोभातून प्रकट झाली.

महाराष्ट्रात २०२२ च्या दुरुस्तीनंतर सर्व दुकानांचे नामफलक देवनागरी मराठीत असणे आवश्यक आहे. ते बंधन नामफलकापुरते आहे, आतील पदार्थफलक त्यात येत नाही. आतही मराठी आणावयाची झाल्यास इंग्रजी व मराठी पाळीपाळीने दाखवण्याचा मोह होईल. पडद्याला ते सोपे. पण मराठी वाचकाला आपली पाळी येईपर्यंत ताटकळावे लागेल. दोन्ही भाषा शेजारी ठेवावयाच्या तर ओळींमधील अंतर वाढवणे भाग आहे, कारण शिरोरेषेवरील व अक्षराखालील मात्रांना रोमन ओळीपेक्षा अधिक जागा लागते. रोमन लिपीसाठी आखलेल्या चौकटीत देवनागरी कोंबली की तिचा अक्षरदेह आक्रसतो, आणि काउंटरपासून चार पावलांवर ‘कु’ व ‘कृ’ सारखेच दिसू लागतात.