युक्तिकल्पतरु आणि शिडाचा वारा

भोजराजाच्या नांवावर असलेल्या ‘युक्तिकल्पतरु’ या संस्कृत ग्रंथांतील नौकाप्रकरण डॉ. राधाकुमुद मुकर्जी यांच्या १९१२ च्या इंग्रजी ग्रंथामुळें प्रसिद्धीस आलें. तेव्हांपासून प्राचीन नौकानयनाचा विषय निघाला कीं याच ग्रंथाचा हवाला द्यावयाचा, असा प्रघात पडला आहे. ग्रंथाच्या मोलाविषयीं आमचा वाद नाहीं. तो कशाचें प्रमाण आहे, एवढाच प्रश्न आहे.

ग्रंथकार लांकडांत ब्राह्मणक्षत्रियादि जाती कल्पितो, नौकांचीं मापें देतो, चार डोलकाठ्यांची नौका पांढरी व तीन काठ्यांची तांबडी रंगवावी असें सांगतो, आणि चुंबकपाषाणाच्या भयानें समुद्रगामी नौकेस लोखंड वर्ज्य करितो. परंतु वारा प्रतिकूल असतां शीड कसें धरावें, याचा विधि तेथें नाहीं. हें नौका बांधण्याचें व सजविण्याचें शास्त्र झालें, चालविण्याचें नव्हे.

वारा पाठीवर असतां जहाज ढकललें जातें, हें कोणासही कळतें. बाजूच्या वाऱ्यांत मात्र फुगलेलें शीड पक्ष्याच्या पंखासारखें काम करितें. पाण्याखालील तळ जहाजास आडवें सरकूं देत नाहीं, म्हणून ओढ पुढें लागते. ऐन समोरच्या वाऱ्यांत तिरपी वाट धरून, वारंवार बाजू पालटीत, नागमोडी जावें लागतें. रत्नागिरीच्या किनाऱ्यावर हिवाळ्यांत रात्रीं जमिनीवरून मतलई वारा येतो व दुपारीं समुद्रावरून खारा वारा. किनाऱ्याच्या कडेनें जाणाऱ्या गलबतांचा प्रवास याच दोहोंच्या पाळीवर बेतलेला असे. पावसाळ्यांत नैर्ऋत्येचा वारा जहाजांस किनाऱ्यावर लोटी, म्हणून नारळी पौर्णिमेपर्यंत बंदरें बंद असत.

हें ज्ञान ज्यांनीं वापरलें त्यांचें वर्णन अठराव्या शतकांतील इंग्रज इतिहासकार ऑर्म यानें केलें आहे. आंग्र्यांच्या गलबतांस त्रिकोणी शीड व ४०-५० वल्हीं असत. वारा पडला म्हणजे तींच मोठ्या गुराबांस ओढून नेत. युक्तिकल्पतरूंतील रंगांच्या नियमांपेक्षां या दोन ओळींत नौकानयन अधिक आहे.

आमच्या मतें संग्राहकांनीं आतां पोथ्यांबरोबर बंदरांचीं दप्तरें व वृद्ध तांडेलांच्या तोंडचे शब्दही टिपून ठेवावे. होड्यांवर यंत्रें आल्यापासून शिडाच्या दोऱ्यांचीं नांवें विस्मृतींत जात आहेत. आणि पोथीस वाळवी लागली तरी तिची दुसरी प्रत कोठें तरी सांपडते, या शब्दांची सांपडणार नाहीं.