चित्रदर्शन आणि नवें लेखन : विजासन लेण्याच्या निमित्तानें

भद्रावती, म्हणजे जुन्या कागदांतील भांदक, येथील विजासन लेण्यांत समोर व दोन्ही बाजूंस मिळून तीन गर्भगृहें असून प्रत्येकांत आसनस्थ बुद्धमूर्ति आहे. कनिंगहॅम यांनीं १८७३-७५ च्या दौऱ्याच्या वृत्तांतांत या स्थळाची नोंद केली आहे. मूर्ती पुष्कळ झिजल्या आहेत. त्यांपुढें बसून रेखाटन करणारे विद्यार्थी प्रस्तुत लेखकानें अनेकदां पाहिले; दगडावर नाक-ओठ पुसट असले तरी कागदावर ते स्वच्छ उतरतात, व खालीं कोणी चार ओळींची कविताहि जोडतो. आमच्या कांहीं संशोधक मित्रांस हा उद्योग मुळींच रुचत नाहीं. कलाकृतीपुढें ठसा घ्यावा, माप घ्यावें व उठावें, असें त्यांचें मत. तें अर्धेंच खरें आहे.

या प्रश्नीं विदर्भाच्या पद्मपुरचा भवभूति याची साक्ष काढणें योग्य होईल. (हें पद्मपुर म्हणजे आमगांवजवळचें पदमपूर, असें वा. वि. मिराशी यांनीं प्रतिपादिलें आहे.) उत्तररामचरिताच्या पहिल्या अंकांतील चित्रदर्शन सर्वांच्या वाचनांतलें आहे, परंतु त्याची घडण क्वचितच लक्षांत घेतली जाते. लक्ष्मणानें सांगितलें, चित्रकारानें काढलें, आणि आतां राम-सीता पाहून बोलतात; म्हणजे शब्दांतून चित्र व चित्रांतून पुन्हां शब्द. हे दुसरे शब्द पहिल्यांची पुनरुक्ति नव्हेत. सीता ऊर्मिलेकडे बोट दाखवून ही कोण म्हणून विचारते, तों लक्ष्मण लाजून परशुरामाकडे वळवितो. मंथरेचें चित्र येतांच राम उत्तर न देतां शृंगवेरपुराचा वृक्ष दाखवितो, आणि कैकेयीचें प्रकरण आर्यांनीं टाळलें हें लक्ष्मण मनांत ओळखतो. शूर्पणखा पाहून सीता भ्यायली, तेव्हां हें चित्र आहे असें रामास सांगावें लागतें. पुढें चित्र पाहूनच तिला पुन्हां वनांत जाण्याचा डोहाळा होतो, आणि तोच तिच्या त्यागाचें निमित्त ठरतो. भिंतीवर जें नव्हतें तें पाहणाऱ्यांनीं आणलें; तथापि भिंतीवरील एक रेषाहि कोणी बदलली नाहीं.

आनंदवर्धनानें ध्वन्यालोकाच्या चौथ्या उद्द्योतांत काव्यांतील साम्याचे तीन प्रकार सांगितले आहेत : प्रतिबिंबासारखें, चित्रासारखें व तुल्यदेही मनुष्यासारखें. पहिलीं दोन त्याज्य, तिसरें ग्राह्य. कारण दोन माणसें सारखीं दिसलीं तरी प्रत्येकाचा आत्मा निराळा. या कसोटीवर विजासनच्या विद्यार्थ्याचें रेखाटन कोठेंच बसत नाहीं. नाक भरल्यामुळें तें प्रतिबिंब राहिलें नाहीं, आणि भरलेलें नाक कोणत्याहि छापील बुद्धाचें असल्यामुळें स्वतंत्र आत्माहि नाहीं. कवितेची स्थिति बरी. तिला कोणी पुरावा समजत नाहीं.

प्रतिकृतींचा अभिमान धरणाऱ्यांनीं अजिंठ्याचाहि इतिहास आठवावा. मेजर गिल यांनीं १८४४ पासून केलेल्या प्रतिकृतींपैकीं बहुतेक १८६६ मध्यें लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगींत गेल्या. ग्रिफिथ्स व त्यांच्या मुंबईच्या कलाविद्यार्थ्यांचें १८७२ ते १८८५ चें काम, त्यांतीलहि पुष्कळसें १८८५ मध्यें तेथेंच साउथ केन्सिंग्टन येथें जळालें. याहून शोचनीय गोष्ट अशी कीं, रंग उजळ दिसावे म्हणून नक्कल करतांना मूळ भित्तिचित्रांवरच वार्निश चढविण्यांत आलें व तें पुढें पिवळें पडलें. नक्कल जळाली, वार्निश राहिलें! उलट १९०९-११ च्या सुमारास लेडी हेरिंगहॅम यांच्याबरोबर आलेले नंदलाल बोस अजिंठ्याची रेषा हातांत घेऊन गेले व तिच्यांतून स्वतःचीं चित्रें काढीत राहिले. त्यायोगें मूळ भिंतीस ओरखडाहि पडला नाहीं.

पोथ्या जमविणाऱ्यांस यांत नवें कांहीं नाहीं. लेखकूनें गळालेलीं अक्षरें पदरचीं घातलीं तर आपण त्याला दोष देतों. तीच पूर्ति टीकाकारानें समासांत आपल्या शाईनें लिहिली तर आदरानें वाचतों. म्हणून परवां एका विद्यार्थ्यास मीं दोन कागद घ्यावयास सांगितले. पहिल्यावर झिजलेलें नाक झिजलेलेंच काढावें, दुसऱ्यावर वाटेल तें. त्यानें दुसरा कागद आधीं भरला. मूर्ति त्यांत नव्हतीच. गर्भगृहाच्या दारांतून दिसणारा बाहेरचा उजेड तेवढा होता. पहिला कागद अद्याप कोरा आहे.