५८.६ टन हा आकडा सिनॉप्सिसमध्ये टाकण्याआधी

हवामानबदल आणि माणसाचं रोजचं वागणं या विषयावर सिनॉप्सिस लिहायला बसलात, की एक पेपर तुमच्या वाटेत येणारच. सेथ वाइन्स आणि किंबर्ली निकोलस यांचा ‘द क्लायमेट मिटिगेशन गॅप’, ‘एन्व्हायर्नमेंटल रिसर्च लेटर्स’ या नियतकालिकात २०१७ साली आलेला. पेपर छोटा आहे, भाषा सोपी आहे आणि त्यातला तक्ता तर व्हॉट्सअ‍ॅपवरही फिरून झालाय. म्हणूनच तो नीट वाचायला हवा. सोपा पेपर आपण पटकन वाचतो आणि त्याहून पटकन उद्धृत करतो.

आधी पेपर काय म्हणतो ते पाहू. लेखकांनी विकसित देशांतल्या माणसासाठी वेगवेगळ्या वैयक्तिक कृतींमधून किती हरितगृह वायू वाचतात, याचे आधीच्या अभ्यासांतले आकडे गोळा केले. त्यात चार कृती वर आल्या. एक मूल कमी होऊ देणं : वर्षाला सरासरी ५८.६ टन. गाडीशिवाय राहणं : वर्षाला २.४ टन. अटलांटिक ओलांडणारा एक विमानप्रवास (जाऊन-येऊन) टाळणं : १.६ टन. पूर्ण वनस्पतीजन्य आहार : वर्षाला ०.८ टन. याउलट कचऱ्याचा पुनर्वापर साधारण ०.२१ टन आणि घरातले दिवे बदलणं ०.१० टन. मग त्यांनी कॅनडातली शाळेची दहा विज्ञान पुस्तकं तपासली. त्यात सुचवलेल्या कृतींपैकी फक्त ४ टक्के या वरच्या चारांतल्या होत्या. म्हणजे मुलांना आपण दिवे बंद करायला शिकवतो आणि विमानाबद्दल गप्प बसतो.

ही या पेपरची खरी ताकद आहे, आणि ती मान्य करूनच पुढे जायला हवं. ‘थेंबे थेंबे तळे साचे’ म्हणून सगळ्या कृती एकाच पारड्यात टाकण्याची आपली सवय त्यांनी मोडली. कोणता थेंब आणि कोणती बादली, हे आकड्यात मांडलं. प्रश्न पुढचा आहे : हे आकडे उचलून आपल्या संशोधनात ठेवता येतात का? माझं मत, जसेच्या तसे नाही. त्याची तीन कारणं सांगतो.

पहिलं : वाचलं, पण कशाच्या तुलनेत?

‘या कृतीने इतके टन वाचतात’ हा त्या कृतीचा अंगभूत गुण नसतो. ती दोन परिस्थितींमधली वजाबाकी असते : कृती केली नाही तर किती आणि केली तर किती. यातल्या पहिल्या परिस्थितीला आपण बेसलाइन म्हणतो. पेपरच्या तक्त्यात कपडे दोरीवर वाळवण्याचेही गुण आहेत, वर्षाला साधारण ०.२१ टन. आता बघा, आपल्याकडे चाळीपासून बंगल्यापर्यंत बहुतेक घरांत कपडे दोरीवरच वाळतात. ड्रायर वापरतच नसाल तर वाचलं काय? शून्य. कृती तीच, घर बदललं, आकडा गेला.

उलटही होतं. दिवे बदलणं त्या यादीत तळाला आहे. आपण आपलं गणित करू. ६० वॅटचा जुना बल्ब काढून ९ वॅटचा एलईडी लावला, तर फरक ५१ वॅटचा. रोज पाच तास लागला तर वर्षाला साधारण ९३ युनिट वीज वाचली. आपल्या ग्रिडमध्ये कोळशाचा वाटा मोठा, त्यामुळे एका युनिटमागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड पडतो (केंद्रीय विद्युत प्राधिकरण हा आकडा वेळोवेळी प्रसिद्ध करतं, तो तिथूनच घ्या). म्हणजे एका बल्बमागे साधारण ६५ किलो. दोन बल्ब बदलले की पेपरमधल्या अख्ख्या घराच्या १०० किलोंच्या पुढे गेलो. कॅनडातल्या क्वेबेकमध्ये जवळजवळ सगळी वीज पाण्यावर तयार होते, तिथे हाच बल्ब बदलून हवेत फारसा फरक पडणार नाही.

दुसरं : मुलाचा हिशोब कोणाच्या वहीत?

५८.६ हा आकडा बाकीच्यांशेजारी ठेवला की डोळे दिपतात. पण तो येतो कुठून ते पाहा. २००९ साली पॉल मर्टॉ आणि मायकेल श्लॅक्स यांनी एक पद्धत मांडली. मुलाचं निम्मं उत्सर्जन आईच्या नावावर आणि निम्मं वडिलांच्या, नातवाचं पाव, पणतूचं एक अष्टमांश, असं पिढ्यान्‌पिढ्या. २०१७ च्या पेपरने ही बेरीज घेऊन ती पालकाच्या आयुष्याच्या वर्षांत वाटली.

इथे दोन गोष्टी खटकायला हव्यात. गाडी सोडल्याचे २.४ टन यंदा हवेत जायचे थांबतात. ५८.६ मधले बरेचसे टन अजून जन्माला न आलेल्या माणसांचे आहेत, आणि आजच्याच दराने माणसं उत्सर्जन करत राहतील असं धरून काढलेले आहेत. वीज स्वच्छ होत गेली तर हा आकडा कोसळतो. दोन वेगळ्या घड्याळांतल्या वेळा एका रांगेत लावल्यासारखं झालं हे. दुसरी गोष्ट दुहेरी मोजणीची. मुलाचं उत्सर्जन आईवडिलांच्या वहीत लिहिलं आणि ते मूल मोठं झाल्यावर त्याने गाडी चालवली म्हणून त्याच्याही वहीत लिहिलं, तर सगळ्या वह्यांची बेरीज प्रत्यक्षापेक्षा जास्त येणार. २०१८ मध्ये फिलिप व्हान बाशहाउझन आणि एरिक ब्रांडस्टेड यांनी याच नियतकालिकात या हिशोबावर आक्षेप घेतला, मूळ लेखकांनी उत्तरही दिलं. मूळ पेपर, आक्षेप आणि उत्तर असे तिन्ही एका बैठकीत वाचा. संशोधनातलं भांडण सभ्यपणे कसं होतं, हे कोणत्याही मेथडॉलॉजीच्या पुस्तकापेक्षा तिथे छान कळतं.

आणि हे आपल्यासाठी नुसतं तांत्रिक नाही. मर्टॉ-श्लॅक्स यांच्याच हिशोबात अमेरिकेतल्या एका मुलामागे सुमारे ९,४४१ टन येतात आणि बांगलादेशातल्या एका मुलामागे ५६. तरीही ‘मुलं कमी’ हा सल्ला वर्तमानपत्रांतून फिरत फिरत पोचतो तो बहुतेकदा गरीब देशांतल्या बायकांपर्यंत. तळटीप गळून पडते, आकडा उरतो. तुमच्या सिनॉप्सिसमधून असं होऊ देऊ नका.

तिसरं : करता येणं आणि केलं जाणं

पेपर सांगतो, एका माणसाने केलं तर किती वाचेल. किती माणसं खरोखर करतील, हा प्रश्न तो फारसा हाताळत नाही. २००९ मध्येच थॉमस डिट्झ आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या घरांसाठी १७ कृती घेऊन नेमकं हेच केलं. प्रत्येक कृतीतून किती वाचू शकतं हे काढलं आणि त्याला, योग्य उत्तेजन मिळालं तर किती टक्के लोक ती स्वीकारतील, याने गुणलं. उत्तर आलं, दहा वर्षांत देशाच्या उत्सर्जनाच्या ७.४ टक्के. दिसायला साध्या कृती, पण गुणाकारात मोठ्या.

आपल्याकडचं उदाहरण उजाला योजनेचं. जानेवारी २०१५ मध्ये सुरू झालेल्या या योजनेत ३६ कोटींहून जास्त एलईडी बल्ब वाटले गेले. मोठ्या प्रमाणावर खरेदी केल्यामुळे एका बल्बची खरेदी किंमत २०१४ मधल्या ३१० रुपयांवरून २०१६ पर्यंत ३८ रुपयांवर आली. लोकांना अचानक पर्यावरणाचं प्रेम सुटलं नव्हतं, बल्ब परवडायला लागला होता. यादीतल्या तळाच्या कृतीला धोरणाने वर उचललं. मग ‘वैयक्तिक कृती विरुद्ध सरकारी धोरण’ हा वाद किती उरतो, सांगा.

अर्थात सरकारी आकडाही उलटा करून तपासायचाच. सरकारी अंदाज वर्षाला सुमारे ४८ अब्ज युनिट बचतीचा आहे. भागिले साधारण ३६.८ कोटी बल्ब, म्हणजे बल्बमागे १३० युनिट. वरच्या हिशोबाने हे खरं ठरायला प्रत्येक बल्ब ६० वॅटच्या बल्बच्या जागी लागलेला हवा, आजही चालू हवा आणि रोज सात तास जळायला हवा. पाच तास धरले तर बचत ३४ अब्ज युनिटांच्या आसपास येते. तरीही बचत प्रचंडच आहे. पण दोन तासांच्या गृहीतकाने केवढा फरक पडला ते बघा.

मग आपण सुटलो का?

एवढं वाचून कोणी म्हणेल, ‘चला, भारतात माणशी कार्बन डायऑक्साइड वर्षाला साधारण २ टन, आपल्याला हा पेपर लागूच नाही.’ इतकं सोपं नाही. पेपरमधली गाडीची बचत, २.४ टन, आपल्या सरासरी माणसाच्या वर्षभराच्या कार्बन डायऑक्साइडपेक्षाही जास्त आहे. पण सरासरी माणूस विमानाने लंडनला जात नाही. ग्रीनपीस इंडियाच्या २००७ च्या अहवालाचं नावच ‘हायडिंग बिहाइंड द पुअर’, म्हणजे गरिबांच्या आडून, असं होतं. महिना ३० हजारांवर उत्पन्न असलेल्या वर्गाचं माणशी उत्सर्जन सर्वांत कमी उत्पन्नाच्या वर्गाच्या सुमारे साडेचार पट, असं त्यांनी मांडलं होतं. दारात गाडी, खोलीत एसी आणि वर्षाकाठी परदेशवारी असलेल्या पुण्या-मुंबईच्या घराला वाइन्स-निकोलस यांची यादी बऱ्यापैकी लागू पडते. देशाची सरासरी दाखवून त्या घराला सूट देणं हीसुद्धा चुकीची बेसलाइनच.

म्हणून आकडा उसना घेऊ नका, काढा. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण २.३ किलो कार्बन डायऑक्साइड. रोज २० किलोमीटर, वर्षाचे ३०० दिवस, म्हणजे ६,००० किलोमीटर. लिटरला ५० देणाऱ्या स्कूटरवर २७६ किलो, लिटरला १५ देणाऱ्या कारमध्ये ९२० किलो. बसने गेलात तर यातून बसमधला तुमचा वाटा वजा करा. छतावर तीन किलोवॅटचं सोलर बसवलं, आणि किलोवॅटमागे रोज चार युनिट धरली, तर वर्षाला सुमारे ४,४०० युनिट, म्हणजे ०.७ ने गुणून साधारण तीन टन. गाडीपेक्षाही मोठा आकडा! पण पुढचा प्रश्न लगेच विचारा : छत कोणाचं? २०२४ च्या पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटला ७८,००० रुपये अनुदान आहे, पण भाड्याच्या खोलीत राहणाऱ्याला ते घेऊन कुठे बसवायचं? माझ्या मते इथे पीएचडीचा चांगला विषय दडलाय : स्वच्छ ऊर्जेची निवड उपलब्ध कोणाला आहे?

एकंदर, हा पेपर वाचावा असाच आहे. त्याचा प्रश्न पक्का आहे, क्रम त्याच्या लोकांपुरता बराचसा बरोबर आहे आणि ५८.६ हा त्याचा सर्वांत गाजलेला पण सर्वांत कच्चा भाग आहे. उद्धृत करताना आकड्यासोबत तीन गोष्टी लिहा : कोणत्या देशातलं घर, कशाच्या तुलनेत आणि किती वर्षांचा हिशोब. वाक्य थोडं लांबेल. पण व्हायव्हाला ‘हा आकडा आपल्याकडे कसा लागू होतो?’ असं विचारलं, तर उत्तर आधीच तुमच्या पानावर असेल.