रात्रभर नाटक, पण टीकाकार कुठे?

लघुअनियतकालिकांविषयी, म्हणजे लेखकांनीच काढलेल्या छोट्या, अनियमित अंकांविषयी, मराठीत लिहिले जाते ते बहुतेक बंडाविषयी. ‘सत्यकथा’ या प्रस्थापित मासिकाची होळी, राजा ढाले यांची जहाल लेखणी, अशोक शहाणे यांनी १९६३ साली एका लेखातून मराठी साहित्यावर टाकलेला ‘क्ष’ किरण. किस्से रंगतदार, म्हणून टिकले. मला मात्र या चळवळीची खरी कमाई दुसरीच वाटते. लिहिणाऱ्यांनी एकमेकांना कसून वाचले.

१९५०च्या दशकात कवी अरुण कोलटकर, दिलीप चित्रे आणि त्यांच्या मित्रांनी ‘शब्द’ काढले ते सायक्लोस्टाइल करून. स्टेन्सिल कापायचे, शाईचा रूळ फिरवायचा, प्रती ओळखीच्या हातांत द्यायच्या. जाहिरातदार नाहीत, तेव्हा कुणाची मर्जी राखायची गरज नाही. पुढे शहाण्यांचे ‘असो’, भालचंद्र नेमाडे यांचे ‘वाचा’, चंद्रकांत खोत यांचे ‘अबकडइ’. बहुतेकांचे आयुष्य थोडके. पण कवितेसोबत तिच्यावरून झालेले भांडणही छापून राहिले, आणि पुढच्या पिढीला ते कवितेइतकेच उपयोगी पडले.

बंडाची बाजू जरा जास्तच ताणली गेली. आमच्या चंद्रपूर जिल्ह्यातले वसंत आबाजी डहाके यांची ‘योगभ्रष्ट’ ही दीर्घकविता १९६६ साली छापली ती सत्यकथेनेच! टिकण्याचा हिशेब मांडला तर गंगाधर पानतावणे यांनी औरंगाबादहून अनेक दशके चालवलेले ‘अस्मितादर्श’ मुंबईच्या बहुतेक अंकांना मागे टाकते. दलित लेखकांना तिथे आपला संपादक मिळाला, मेळाव्यांतून आपला वाचकही.

आमच्या पूर्व विदर्भात, वैनगंगेच्या काठी, यातले फार थोडे पोहोचले. भद्रावतीला १९७९ साली पहिले आदिवासी साहित्य संमेलन भरले, विनायक तुमराम यांची कविता आली, हरिश्चंद्र बोरकर यांनी इथल्या झाडीबोलीला व्यासपीठ मिळवून दिले. पण संमेलन वर्षातून एकदा. एरवी चर्चा चहाच्या टपरीवर होते आणि तिथेच विरते.

सर्वांत मोठी उणीव इथल्या झाडीपट्टी रंगभूमीच्या समीक्षेची. धान निघाले की मंडई आणि शंकरपटाच्या गावांत नाटके लागतात; वडशाची नाट्य मंडळे रात्ररात्र प्रयोग करतात, आरमोरीचा रसिक तिकीट काढून बसतो. एवढी जिवंत रंगभूमी, आणि तिच्यावर लिहिले जाते ते गौरवपर! कलावंताला पद्मश्री मिळाली की बातमी येते. दुसरा अंक का रेंगाळला, दंडार आणि खडी गंमत या लोकनाट्यांतले काय आजच्या नाटकात उरले, गाण्या-नाचाने कथानक कुठे गिळले, हे कुणी नाव घालून लिहीत नाही. कौतुकाने मंडळांचा धंदा चालतो, संहिता मात्र सुधारत नाही.

आरमोरीतून सोळा पानांचे काही निघायचे असेल तर त्यात कविता कमी असाव्यात. एका हंगामातल्या चार प्रयोगांची परखड परीक्षणे, एका जुन्या संहितेतला एक प्रवेश, एखाद्या नेपथ्यकाराची मुलाखत, आणि पुढच्या अंकात नाटककाराचे संतापलेले उत्तर. छपाईचा खर्च आता अडचण नाही; तालुक्यात सगळे एकमेकांना ओळखतात, ही आहे.