माजघरातील दरबार

रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचे नाव आपल्या कॅथलिक घरांतून आदराने घेतले जाते. वाचले मात्र ते फारसे जात नाहीत. घायाळ पक्षिणीची ती करुण कविता पुष्कळांना शाळेपासून आठवते आणि ओळख तेथेच संपते. सेमिनरीत असताना आम्हीही याला अपवाद नव्हतो. फादर स्टीफन्स आपले आणि टिळक ‘त्यांचे’, अशी एक अलिखित वाटणी आमच्या मनात होती. इ. स. १६१६ मध्ये छापल्या गेलेल्या ख्रिस्तपुराणातील ओव्या आम्ही पाठ केल्या. ‘अभंगांजली’ हाती घेतली ती गुरुदीक्षेनंतर पुष्कळ वर्षांनी, आणि तीही एका पराभवानंतर.

तो पराभव असा. गृहभेटीच्या वेळी एका बागायती घरातील बाईंनी आम्हांस विचारले, “फादर, पहाटे तीनला उठून फुलं काढायची, पहिली गाडी पकडून दादरला जायचं, आल्यावर स्वयंपाक, गोठा, मुलांचा अभ्यास. प्रार्थना नेमकी कधी करू?” आम्ही शिकलेले उत्तर दिले : अर्धा तास आधी उठावे. त्या काही बोलल्या नाहीत. त्यांच्या त्या गप्प बसण्याने आमचा बरेच दिवस पिच्छा पुरवला.

टिळकांची कथा प्रवासातच सुरू होते, हे आम्हांस तेव्हा नव्याने जाणवले. १८९३ साली राजनांदगावकडे जात असता आगगाडीच्या डब्यात एका युरोपियन सहप्रवाशाने त्यांच्या हाती नवा करार ठेवला. डोंगरावरील प्रवचनापाशी ते थांबले आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. मंदिर नाही, मठ नाही. लोकांची चढउतार चाललेला रेल्वेचा डबा!

‘अभंगांजली’चे सामर्थ्य कशात आहे? ख्रिस्ती शब्द अभंगाच्या छंदात बसविणे हे अवघड काम नाही. आपल्या गायनपुस्तिका उघडल्या तर त्याचे यशापेक्षा अपयशच अधिक दिसेल. टिळकांनी छंदाबरोबर वारकऱ्यांचे नातेही उचलले. ख्रिस्त त्यांना प्रथम माउली आहे, मग गुरू, मग सखा. आईपाशी जाण्यासाठी मूल वेळ काढत नाही, ते तिच्या पदराशी असतेच. ही साधी गोष्ट त्यांच्या उत्तम अभंगांत तत्त्वज्ञानाचा आव न आणता उतरते. सर्वच अभंग त्या तोडीचे नाहीत, हेही स्पष्ट म्हटले पाहिजे. जेथे टिळकांतील उपदेशक कवीच्या पुढे जातो तेथे शब्द वाढतात आणि भाव पातळ होतो. (प्रवचनकाराचा हा आजार आम्ही घरचा म्हणूनच ओळखतो.)

मुंबईत १८६७ मध्ये स्थापन झालेल्या प्रार्थना समाजाने धर्माची खिडकी उघडली होती. न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर यांच्यासारख्यांनी मूर्ती आणि कर्मकांड यांपलीकडच्या एका ईश्वराच्या उपासनेत तुकोबांचे अभंग आणले. परंतु ती उपासना मुख्यत्वे सुशिक्षितांच्या सभागृहात राहिली. टिळक त्यापुढे गेले. १९१७ साली मिशनचे वेतन सोडून त्यांनी साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ मांडला; त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघेही ख्रिस्ताचे शिष्य म्हणून एकत्र बसावेत, अशी त्यांची कल्पना. दोन वर्षे पुरी होण्याच्या आतच, ९ मे १९१९ रोजी, टिळक निवर्तले.

येथे आमचा मतभेद आहे आणि तो लपविण्याचे कारण नाही. बाप्तिस्मा हा दरबाराच्या दाराशी ठेवून जाण्याचा जोडा नव्हे. संस्कार वजा केले तर देवाचा स्पर्श नुसत्या उदात्त भावनेवर अवलंबून राहतो, आणि भावना दुपारच्या उन्हात टिकत नाही. मात्र हेही मान्य केले पाहिजे की संस्कार मंदिरातच ठेवून घरी परतणारे आपण, टिळकांना नावे ठेवण्याच्या योग्यतेचे नाही.

या प्रश्नाची उकल आम्हांस टिळकांत नव्हे, लक्ष्मीबाईंत सापडली. ‘स्मृतिचित्रे’ १९३४ ते १९३६ या काळात प्रसिद्ध झाली. मुलगा देवदत्त वडिलांचे चरित्र लिहिण्याच्या खटपटीत होता. त्यासाठी आईने आठवणी लिहिल्या, आणि चरित्रनायकापेक्षा आठवणी सांगणारीच मोठी ठरली! सोवळ्याच्या अतिरेकापायी घरात येणारा जिन्नस धुऊन घेणाऱ्या वडिलांची ही मुलगी. नवऱ्याच्या धर्मांतराने संसार मोडला. १९०० साली तिने स्वतः बाप्तिस्मा घेतला. या दोहोंमध्ये जो प्रवास आहे तो ग्रंथांतून झालेला नाही. कोणाच्या हातचे पाणी प्यावे, कोणाची चूल वेगळी ठेवावी, देवाने माणसे केली तर जाती कोणी केल्या, असा विचार स्वयंपाकपाण्यातच वाढत जातो आणि एके दिवशी विटाळ गळून पडतो. धर्मशास्त्रात ज्याला मनःपरिवर्तन म्हणतात ते इतक्या कमी शब्दांत सांगितलेले आम्ही क्वचित वाचले आहे. आणि ते हसत सांगितलेले! टिळकांचा विक्षिप्तपणा, हातचा पैसा देऊन टाकण्याची सवय, न सांगता निघून जाणे, हे सारे त्या सोसतात आणि वाचकाला हसवतात. त्या हसण्यात क्षमा आहे, पण खोटे झाकणे नाही.

जर्मन येशूसंघीय कार्ल राहनर यांनी १९६४ मध्ये एक छोटेसे पुस्तक लिहिले. त्याचे विषय : काम करणे, चालणे, बसणे, पाहणे, हसणे, खाणे, झोपणे. सेमिनरीत त्यांचे जाड ग्रंथ वाचताना आमची दमछाक झाली होती. हे पातळ पुस्तक मात्र लक्ष्मीबाईंना चटकन पटले असते. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनेही १९६५ मध्ये प्रापंचिकांच्या कष्टांना आणि आशांना ख्रिस्तसभेच्या अंतःकरणात जागा दिली. वचन दिले गेले. आम्हां धर्मगुरूंच्या प्रवचनांत ते अजून पुरते उतरलेले नाही.

दोन वर्षांपूर्वी आम्ही ‘स्मृतिचित्रे’ची आमची प्रत त्या फुलवाल्या बाईंना दिली आणि आमचे जुने उत्तर चुकले होते असेही सांगितले. त्या म्हणाल्या, “कुठलं उत्तर, फादर? माझ्या नाही ध्यानात.” प्रत चार महिन्यांनी परत आली. कडांना हळदीचे डाग होते, मध्ये एका पानात दादरच्या गाडीचे तिकीट राहून गेले होते.

“गाडीत वाचायची,” त्या म्हणाल्या. “बाजूच्या बायका विचारायच्या, हसतेस काय एकटीच? मग मोठ्यानं वाचायला लागले.”